सर्व्हरवरचा डेटाबेस : निर्णय मालकाचाच हवा

एकाच यंत्रावर तीन-चार सर्व्हर चालविण्याची, म्हणजे व्हर्च्युअल मशीनची सोय आता लहान पेढ्यांनाही परवडते. बिलाचे काम एका मशीनवर, गोदामाचा हिशेब दुसऱ्यावर. पण त्याखालचा डेटाबेस कोणत्या आवृत्तीचा असावा, हे आपण बसवायला आलेल्या कारागिरावर सोडून देतो. ज्यात आपली उधारी आणि येणे-देणे राहणार, त्याचा फैसला मालकानेच करावा.

पहिली गोष्ट मुदतीची. मायक्रोसॉफ्टच्या एस.क्यू.एल. सर्व्हरला सुमारे दहा वर्षे सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात. २०१४ च्या आवृत्तीची मुदत ९ जुलै २०२४ रोजी संपली. त्यापुढे दुरुस्त्यांसाठी वेगळे पैसे पडतात. २०१९ च्या आवृत्तीला जानेवारी २०३० पर्यंत आणि २०२२ च्या आवृत्तीला जानेवारी २०३३ पर्यंत मुदत आहे. पोस्टग्रेस-क्यू.एल. फुकट आहे, पण त्याची प्रत्येक मोठी आवृत्ती पाचच वर्षे सांभाळली जाते.

दुसरी गोष्ट खर्चाची. एस.क्यू.एल. सर्व्हरची एक्स्प्रेस ही फुकट आवृत्ती २०२२ पर्यंत प्रत्येक डेटाबेसला १० जीबीवर अडते. लहान दुकानाला ती पुरते. पाच-सात वर्षांची बिले साठवणाऱ्या घाऊक व्यापाऱ्याने आधी मोजमाप करावे. स्टँडर्डचा परवाना कोरच्या हिशेबाने घेतला, तर प्रत्येक व्हर्च्युअल मशीनमागे किमान चार कोरचे पैसे भरावे लागतात, मग मशीनला दोनच कोर का दिलेले असेनात.

तिसरी गोष्ट सर्वांत मोठी. एस.क्यू.एल. सर्व्हरमध्ये जुन्या आवृत्तीचा बॅकअप नव्यात उघडतो, नव्याचा जुन्यात उघडत नाही. फाडलेले कापड ताग्याला परत जोडता येत नाही, तसेच हे. घाईने सर्वांत नवी आवृत्ती बसविली आणि बिलाचे सॉफ्टवेअर तिच्यावर चालले नाही, तर मधल्या काळातील नोंदी जुन्या आवृत्तीत नेणे फार जिकिरीचे होते.

म्हणून माझे मत असे : सर्वांत नवी नको आणि फुकट मिळाली म्हणून जुनीही नको. सॉफ्टवेअर देणाऱ्याने जी चालेल असे लेखी दिले आहे आणि जिची निदान पाच वर्षे मुदत बाकी आहे, तीच घ्यावी. आधी वेगळ्या व्हर्च्युअल मशीनवर आपल्याच बॅकअपने महिनाभर चालवून पाहावी. कोरा माल आपण हातात घेऊन पारखतो. ज्यात वही ठेवायची, तेही पारखूनच घ्यावे.