चार इंचांचे पाते आणि गेटवरची जप्ती

गेल्या दोन अंकांच्या टपालात शिबिरचालकांची एकच तक्रार आहे. अभयारण्याच्या गेटवर स्कँडी चाकू (धारेपर्यंत एकच सरळ उतार असलेला) काढून घेतला, पावती दिली नाही, आणि परतताना मागायला गेलो तर ड्युटी बदललेली. तक्रार रास्त आहे, पण सोबतचा युक्तिवाद टिकणारा नाही.

‘पाते नऊ इंचांच्या आत आहे’ असे बहुतेकांनी लिहिले आहे. नऊ इंच लांबी आणि दोन इंच रुंदी ही मोजमापे शस्त्र नियमांतली. गेटवर लागतो तो वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२. त्याच्या कलम २(३५) मधल्या शस्त्राच्या व्याख्येत चाकू नाव घेऊन सांगितला आहे. तिथे इंचांचा प्रश्नच नाही. कलम ३१ प्रमाणे लेखी पूर्वपरवानगीशिवाय तो आत नेता येत नाही. तेव्हा वनरक्षकाने अडवले ते बरोबर. पावतीविना ठेवून घेतले ते साफ चूक.

खरा विनोद पुढेच आहे. डब्यातली सफरचंद कापायची सुरी त्याच गेटमधून बिनबोभाट आत जाते आणि म्यानातला मोरा कंपनीचा चाकू अडतो. परवानगीची तरतूद कायद्यात आहे, पण अर्ज कोणत्या टेबलावर द्यायचा हे गेटवर कुणी सांगत नाही. ही परवानगी देणाऱ्या राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांचे कार्यालय आपल्याच नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये आहे. शिबिराच्या अर्जात अवजारांचा एक रकाना आणि प्रत्येक गेटवर जमा-नोंदवही, एवढे करायला नवा कायदा लागत नाही.

आता आपल्यातल्या हौशींसाठी. रील काढण्यासाठी दुधारी, करवतपाठीचे सुरे कमरेला लटकवणे बंद करा. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खालचा पोलीस आयुक्तांचा मनाई आदेश लागू असला की त्यात लाठीसुद्धा येते. सीताबर्डीतून तसे फिरून वर कायदा शिकवू नका. पाते चार इंचांचे पुरते. पावसाळी कॅम्पला कार्बनपेक्षा स्टेनलेस बरे. बॅटनिंग (पात्याच्या पाठीवर ठोकून लाकूड फोडणे) करणारच असाल तर मोराच्या गारबर्गसारखे फुल टँग, म्हणजे मुठीच्या टोकापर्यंत पोलाद असलेले, घ्या; मोराच्याच कम्पॅनियनवर ती जबरदस्ती नको. वाळलेल्या बांबूच्या पेरावर स्कँडीची बारीक धार मुडपते, त्या कामाला लोहाराचा कोयताच हवा. धार लावताना पूर्ण उतार दगडावर टेकवा. मायक्रोबेव्हल (धारेच्या कडेचा बारीक दुसरा उतार) द्यायचा तर तो समजून उमजून द्या. चाकू म्यानात आणि म्यान सॅकच्या तळाशी.

१ ऑक्टोबरला जंगलाचे कोअर क्षेत्र उघडायच्या आत प्रत्येक शिबिरचालकाने चाकूंची यादी, पात्यांची लांबी आणि वापराचे कारण लिहून अर्ज द्यावा. पोचपावती घ्या. उत्तर आले तर त्याची प्रत आमच्याकडे पाठवा. नकार आला तरी पाठवा, कारणासकट छापू. आणि परवानगी हातात येईपर्यंत चाकू घरीच ठेवा.