मुशीचा नियम आणि बाळंतिणीचे ताट

पावसाळी मासेमारीबंदी उठली की भाईंदरजवळच्या उत्तन, पाली, चौक या गावांच्या बोटी पुन्हा समुद्रात जातात. काही दिवसांत मीरा रोडच्या बाजारात, पूनम सागरसारख्या वसाहतींच्या आसपास, बोंबील आणि मांदेलीच्या शेजारी अधूनमधून हातभर लांबीची मुशीही दिसू लागते. काट्यांचा त्रास नाही, मसाल्यात छान मुरते, म्हणून तिला गिऱ्हाईक असते. शिवाय मुशी खाल्ल्याने बाळंतिणीला दूध येते, असा समज किनाऱ्यावरच्या अनेक घरांत आहे. त्यामुळे ती नेमकी ज्यांनी टाळायला हवी, त्यांच्याच ताटात अगत्याने वाढली जाते.

मुशी किंवा मोरी हे एका माशाचे नाव नाही. शार्कच्या अनेक जाती या एका शब्दात मावतात. त्यांतल्या काही आकाराने लहानच राहतात आणि लवकर वयात येतात. पण त्याच ढिगाऱ्यात कानमुशीसारख्या मोठ्या जातींची पिल्लेही असू शकतात. हातोड्याच्या आकाराच्या डोक्याच्या या कानमुशीची एक मोठी जात जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेच्या यादीत 'अतिसंकटग्रस्त' गटात आहे. डोके छाटून, कातडी सोलून तुकडे केले की कोणती मुशी कोणती, हे सरावलेल्या नजरेलाही सांगता येत नाही.

कायदा मात्र जातीच्या नावावर चालतो. २००१ मध्ये व्हेल शार्कला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या रांगेत, स्थान मिळाले. त्याच वर्षी शार्क, करवत मासा आणि पाकट यांच्या आणखी ९ जाती त्या यादीत आल्या. २०१३ मध्ये समुद्रातच पर कापून धड फेकून देण्यास मनाई झाली आणि २०१५ मध्ये शार्कच्या परांची निर्यात बंद झाली. २०२२ च्या दुरुस्तीने संरक्षित जातींची यादी आणखी वाढली. ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. पहिल्या अनुसूचीतील प्राण्याच्या शिकारीला ३ ते ७ वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे.

इतक्या कडक कायद्याची गरज शार्कच्या शरीरधर्मात आहे. बोंबील, तारली लवकर वाढतात आणि अंडीही भरमसाट घालतात, त्यामुळे त्यांची तूट भरून निघते. मोठ्या शार्कना वयात यायलाच अनेक वर्षे लागतात. बहुतेक जातींचा गर्भकाळ लांब आणि पिल्ले मोजकी असतात. पकडण्याचा वेग जन्माच्या वेगापेक्षा थोडा जरी वाढला, तरी संख्या झपाट्याने ढासळते. खुल्या महासागरातील शार्क आणि पाकटांची संख्या १९७० पासून सुमारे ७१ टक्क्यांनी घटल्याचे 'नेचर' या नियतकालिकातील २०२१ च्या अभ्यासाने दाखवले आहे.

हाच शरीरधर्म माणसाच्या आरोग्याशीही जोडलेला आहे. कोळसा जाळण्यातून आणि उद्योगांतून निघालेला पारा शेवटी पाण्यात पोहोचतो. तिथले जिवाणू त्याचे मिथाइल मर्क्युरीत रूपांतर करतात. ते शेवाळातून लहान माशात, लहान माशातून मोठ्या माशात जाते आणि प्रत्येक पायरीला साठत जाते. शिकार करून जगणारा, मोठा आणि अनेक वर्षे जगलेला मासा या साखळीच्या टोकाला असतो. ज्या संथ आणि दीर्घ आयुष्यामुळे शार्क संकटात आहे, त्याच आयुष्यामुळे तिच्या मांसात पारा साठतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या तपासण्यांत शार्कमध्ये पाऱ्याचे सरासरी प्रमाण दहा लाखांत ०.९८ भाग, तर तारलीच्या जातीच्या माशांत ०.०१३ भाग आढळले. म्हणजे सुमारे ७५ पट फरक. आपल्याकडच्या लहान मुशीत प्रमाण मोठ्या शार्कपेक्षा कमी असणार, कारण पारा वय आणि आकाराबरोबर वाढतो. पण तुकडे केलेल्या माशाचे वय ग्राहकाला कळत नाही.

मिथाइल मर्क्युरी मांसातील प्रथिनांना घट्ट चिकटलेले असते. मीठ-हळद लावून, चिंचेच्या कोळात ठेवून किंवा कितीही शिजवून ते जात नाही. वारेतून ते गर्भापर्यंत पोहोचते आणि घडत असलेल्या मेंदूला इजा करते. १९५६ मध्ये जपानच्या मिनामाता गावात उघड झालेल्या विषबाधेत, स्वतः फारशा आजारी न दिसणाऱ्या मातांच्या पोटी गंभीर मेंदूविकार असलेली मुले जन्मली. तिथले प्रमाण कारखान्याच्या सांडपाण्यामुळे प्रचंड होते. रोजच्या आहाराशी त्याची तुलना करून घाबरण्याचे कारण नाही. एखाद्या वेळी मुशी खाल्ली म्हणून गर्भवतीने धास्तावून जाऊ नये. मात्र शरीरातला हा पारा निम्मा व्हायला साधारण दोन महिने लागतात. म्हणून गर्भधारणेचा विचार असल्यापासून बाळ अंगावर पिते तोवर, आणि लहान मुलांनाही, मुशी न देणे हेच शहाणपणाचे. मुशीने दूध वाढते याला भक्कम पुरावा नाही. दूध वाढते ते बाळाला वारंवार छातीशी घेतल्याने. मासे सोडण्याची गरज नाही. तारली, मांदेली, बोंबील, कोळंबी यांतून प्रथिने मिळतात, आणि तारलीसारख्या तेलकट माशातून मेंदूला लागणारी मेदाम्लेही.

ग्राहकाने मागणी कमी केली, तरी जाळ्याचा प्रश्न उरतोच. उत्तनचा मच्छीमार मुख्यतः शार्कसाठी जाळे टाकत नाही, ती दुसऱ्या मासळीबरोबर येते. व्हेल शार्क अडकली, तर जाळे कापूनच तिला सोडावे लागते आणि ते नुकसान बोटमालकाचे. डिसेंबर २०१८ पासून महाराष्ट्राचा मत्स्यव्यवसाय विभाग आणि वन विभागाचा कांदळवन कक्ष अशा सुटकेसाठी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देतो. त्यासाठी छायाचित्र किंवा चित्रफितीचा पुरावा लागतो. दंडाची किमान रक्कम आणि भरपाईची कमाल रक्कम एकच असणे हा योगायोग असेल, पण नियम पाळला जातो तो दुसऱ्या रकमेमुळे. शेजारच्या गुजरातेत २००४ मध्ये मोरारी बापूंनी व्हेल शार्कला 'वहाली', म्हणजे माहेरी आलेली लाडकी लेक, म्हणून लोकांपुढे नेले. त्यानंतर ज्यांनी पूर्वी तिची शिकार केली, त्याच मच्छीमारांनी शेकडो व्हेल शार्क जाळे कापून सोडल्या.

इतरत्र हा खर्च पर्यटन उचलते. मालदीवने २०१० मध्ये शार्कची मासेमारी पूर्ण बंद केली, कारण तिथे जिवंत शार्क पाहायला पाणबुडे पैसे मोजतात. ऑस्ट्रेलियाच्या निंगालू किनाऱ्यावर व्हेल शार्कसोबत पोहणाऱ्यांना तिच्या अंगापासून ३ आणि शेपटीपासून ४ मीटर दूर राहावे लागते. स्पर्श आणि फ्लॅशचे छायाचित्र दोन्ही वर्ज्य. मालवणात पाण्याखाली उतरणारे पर्यटक आहेत, पण उत्तनच्या गढूळ पाण्यात असा धंदा उभा राहणार नाही. इथे शार्क वाचवण्याचा भार एकट्या मच्छीमारावर पडतो. म्हणून भरपाई वेळेवर आणि पुरेशी मिळणे, हाच नियमाचा कणा आहे.

या व्यवस्थेची मर्यादाही ओळखायला हवी. जाळे कापून सोडल्यावर व्हेल शार्क जगू शकते. कानमुशीसारख्या अनेक जातींना मात्र श्वास घेण्यासाठी सतत पोहावे लागते. जाळ्यात अडकल्या की त्या लवकर गुदमरतात आणि जाळे वर येईपर्यंत मेलेल्या असतात. मेलेली मुशी समुद्रात परत टाकल्याने कायदा पाळल्याचे समाधान मिळते, मुशी वाचत नाही. त्यांच्यासाठी पिल्ले वाढण्याच्या जागा आणि हंगाम शोधून तिथे ठरावीक काळ जाळी न टाकण्याचा नियम हवा. तो मच्छीमार सोसायट्यांना बरोबर घेऊन, बुडालेल्या दिवसांचा मोबदला ठरवूनच करता येईल.

त्याची सुरुवात बंदरावर करता येईल. मुशी कापली जाण्याआधी तिची जात, लांबी आणि पकडलेली जागा नोंदली गेली, तर कोणते पाणी कधी मोकळे ठेवायचे हे कळेल. त्याच मुशीतील पाऱ्याची तपासणी झाली, तर प्रसूतिपूर्व तपासणीला येणाऱ्या स्त्रीला इथल्या मासळीबद्दल नेमका सल्ला देता येईल. मत्स्यव्यवसाय विभागाला आणि आरोग्य विभागाला हवी असलेली माहिती एकाच टोपलीत आहे. ती टोपली दोघांनी मिळून तपासायला हवी.