शेवटी कोण असतो?

मंडळी, पंचवीस वर्षं बेळगावहून चोर्ला नि आंबोली घाट बुलेटवर एकट्यानं फिरलो. त्यातली मजा वेगळीच, ती मी नाकारत नाही. पण पावसाळ्यात धुक्यात गाडी घसरली, मोबाईलला रेंज नाही, तर घरी कळणार कधी? म्हणून पन्नाशीनंतर क्लबात गेलो.

माझं मत असं, क्लब कसा आहे ते शेवटच्या गाडीवरून कळतं. आमच्यात जाणता माणूस सगळ्यांच्या मागं असतो. कुणाची गाडी पंक्चर झाली की तो थांबतो. पडलेला कानडी बोलतो की मराठी, हे तिथं कुणी बघत नाही. आमच्या सीमाभागात हे काय थोडं आहे?

क्लबात जायचंय? मग गाडी कुठली, विचारू नका. शेवटी कोण असतो, एवढं विचारा की.