हातीं सुई, कानीं कथा

"एक ना धड, भाराभर चिंध्या," ही म्हण हल्लीं आमच्या पालकवर्गाच्या तोंडून एका नव्याच प्रसंगीं ऐकूं येऊं लागली आहे. अभ्यास आटोपून मुलगी क्रोशाची सुई व लोकरीचा गुंडा घेऊन खिडकीशीं बसते, कानांत इअरफोनचीं बोंडें घालते, आणि मोबाइलवर लावलेला पॉडकास्ट ऐकत ऐकत विणूं लागते. तासभर ती कोणाशीं बोलत नाहीं. हांक मारली तरी 'ओ' येत नाहीं. मग आईनें विचारावें कीं, बाई, तूं विणतेस कीं ऐकतेस? दोहोंपैकीं एक तरी धड होतें काय? हा प्रश्न पालकसभेंत निघाला तेव्हां थोडा हशा पिकला आणि विषय तेवढ्यावरच राहिला. आमच्या मतें तो हशावारी नेण्यासारखा नाहीं. आमचें मत आधींच सांगून टाकतों: विणतां विणतां ऐकणें चांगलें आहे, तें मुलांनींही करावें, आणि पालकांस भ्यावयाचेंच असेल तर त्यांनीं दुसऱ्याच गोष्टीस भ्यावें.

ज्या आजीआजोबांच्या हातीं हा अंक जातो त्यांच्यासाठीं एक खुलासा. पॉडकास्ट म्हणजे रेडिओवरील भाषणासारखेंच भाषण. परंतु तें ठराविक वेळीं प्रसारित होऊन हवेंत विरून जात नाहीं. श्रोत्यानें हवें तेव्हां लावावें, मध्येंच थांबवावें, मागें जाऊन पुन्हा ऐकावें. हा शब्द २००४ सालीं बेन हॅमर्स्ली या पत्रकारानें 'गार्डियन' पत्रांतील एका लेखांत सुचविला. त्यांतील 'पॉड' हा आयपॉड नांवाच्या यंत्राचा तुकडा, आणि 'कास्ट' हा ब्रॉडकास्टचा. २०२२ सालीं आयपॉडचें उत्पादन बंद पडलें. त्याचें अर्धें नांव मात्र अजून जगभर बोललें जात आहे.

हात कामांत असतांना मन रिकामें ठेवूं नये, ही गोष्ट आपल्या लोकांस कोणी शिकवावी लागली नाहीं. पहांटे जात्यावर बसणाऱ्या आपल्या आज्यापणज्या दळतां दळतां ओव्या गात. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनीं महाराष्ट्रांतील खेडोपाडीं फिरून अशा ओव्या गोळा करविल्या, त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. एक लाख! ज्या स्त्रियांस शाळेचा उंबरठाही दिसला नव्हता त्यांनीं पीठ पाडतां पाडतां हें वाङ्मय निर्माण केलें. जळगांवकडच्या बहिणाबाई चौधरी यांस लिहितां वाचतां येत नव्हतें. घरांत व शेतांत राबतांना त्यांस सुचलेलीं गाणीं त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांनीं जपलीं म्हणून १९५२ सालीं, म्हणजे बहिणाबाईंच्या मृत्यूच्या पुढल्याच वर्षीं, तीं पुस्तकरूपानें लोकांपुढें आलीं. पुढें गिरण्या आल्या, जातीं थांबलीं, आणि कांहीं काळानें घरांत रेडिओ आला. १९५५ च्या एप्रिलपासून पुणें आकाशवाणीनें आठवड्यास एक याप्रमाणें गीतरामायण ऐकविलें, तेव्हां कित्येक घरांत हात निवडण्याटिपण्यांत आणि कान त्या गाण्याकडे, असा प्रकार होता. त्या काळीं रेडिओवर धूळ बसूं नये म्हणून त्यावर क्रोशाचा रुमाल घालण्याची चाल होती. क्रोशे आणि ऐकणें यांची सोयरीक ही अशी जुनी आहे.

पण जुनी म्हणून ती योग्य, असें आम्ही म्हणत नाहीं. योग्य कां, तें क्रोशाच्या स्वरूपांतच पाहावें लागतें. सुईच्या आकडींत दोरा अडकवून तो फांसांतून ओढून काढावयाचा, एवढीच यांतील मूळ क्रिया. तिचीच साखळी, तिचाच खांब. पहिले आठ पंधरा दिवस डोळे, हात आणि जीभसुद्धां (दांतांत धरलेली!) सर्व त्यांतच गुंतलेलीं असतात. पुढें बोटांस संवय लागते आणि मन मोकळें होतें. हें मोकळें झालेलें मन नुसतें बसत नाहीं, तें भटकतें. इंग्लंडांतील प्लिमथ विद्यापीठांत जॅकी अँड्राड यांनीं चाळीस जणांवर एक प्रयोग केला. तो २००९ सालीं प्रसिद्ध झाला. सर्वांस टेलिफोनवरचा एक रटाळ निरोप ऐकविला. निम्म्यांस ऐकतां ऐकतां कागदावरच्या आकृति पेन्सिलीनें भरावयास सांगितलें. बाकीचे नुसते ऐकत राहिले. ज्यांचे हात चालू होते त्यांना सरासरी २९ टक्के अधिक गोष्टी आठवल्या. चाळीस ही संख्या कांहीं मोठी नव्हे, आणि आकृति भरणें म्हणजे क्रोशे नव्हे, हें आम्ही जाणतों. तथापि ज्या शिक्षकानें तिसऱ्या प्रहरीं वर्ग घेतला आहे त्यास हें खरें वाटल्यावांचून राहणार नाहीं. हाताला कांहीं चाळा असला म्हणजे मुलाचें लक्ष खिडकीबाहेर कमी जातें.

मात्र एक भेद पालकांनीं ध्यानांत ठेवावा. नवा नमुना चालू असला, 'सहा साखळ्या, तीन खांब, दोन सोडून पुन्हा तीन' अशी मोजदाद करावी लागत असली, तर ऐकणें बंद ठेवावें. मनांतल्या मनांत आंकडे मोजणें हेंही एक बोलणेंच आहे. कानांत दुसरा मनुष्य बोलत असतांना तें चुकतें. आणि क्रोशांत चूक कळली म्हणजे तेथपर्यंत उसवावें लागतें. एकच फांस सुईवर असल्यामुळें उसवणें मात्र मोठें सोपें; दोरा ओढला कीं तासाभराचें काम क्षणांत मांडीवर! याच न्यायानें धडा वाचतांना किंवा बीजगणित सोडवितांना पॉडकास्ट लावणें आम्हांस मुळींच मान्य नाहीं. तेथें दोन्हीं कामें शब्दांचींच, आणि एका दारांतून दोघे जण एकदम शिरूं पाहतात. "तो ऐकत ऐकतच अभ्यास करतो," असें कौतुकानें सांगणाऱ्या पालकांनीं गुणपत्रिका एकदां शांतपणें पाहावी.

आतां भ्यावयाचें कशास, त्याकडे वळतों. ऐकावयाचें काय, हें कोण ठरवितो? येथें आम्हांस क्यूबा देशांतील एक हकीकत सांगितल्यावांचून राहवत नाहीं. हवाना शहरीं विड्यांसारखे जाड चिरूट वळण्याचे कारखाने आहेत. (चिरुटाची शिफारस करण्याचा आमचा हेतु नाहीं, हें सांगणें नलगे.) हातांचें काम तेंच तें, दिवसभर ओळीनें बसून करावयाचें. १८६५ सालीं तेथील 'एल फिगारो' कारखान्यांतील कामगारांनीं ठरविलें कीं, आपल्यापैकीं एकानें मोठ्यानें वाचावें व इतरांनीं चिरूट वळीत ऐकावें. वाचणाऱ्याची बुडालेली मजुरी सर्वांनीं वर्गणी काढून भरून द्यावयाची. ही चाल इतर कारखान्यांत भराभर पसरली. सकाळीं वर्तमानपत्र, मग कादंबरी. कोणतें पुस्तक लावावयाचें तें कामगार मतें घेऊन ठरवीत. निरक्षर मनुष्यांस अशा रीतीनें ह्यूगो व ड्यूमा यांच्या कादंबऱ्या ठाऊक झाल्या. ड्यूमाच्या 'काउंट ऑफ माँटे क्रिस्टो' या कादंबरीचा त्यांना एवढा लळा लागला कीं, १९३५ सालीं निघालेल्या एका चिरुटास तिचेंच नांव पडलें. पण ऐकून शहाणे झालेले मजूर सरकारास पसंत पडले नाहींत. १८६६ सालीं, म्हणजे वर्षाच्या आंतच, या वाचनावर बंदी आली. ती पुढें उठली. क्यूबांतून अमेरिकेंत फ्लॉरिडांतील टँपा शहरीं गेलेल्या कामगारांनीं हीच चाल तेथें नेली. तेथें १९३१ सालीं मालकांनीं वाचणाऱ्यांचीं व्यासपीठें उखडून टाकलीं, कामगारांनीं संप केला, तरी वाचणारे परत आले नाहींत. त्यांच्या जागीं कालांतरानें रेडिओ आला. कामगार पूर्वीप्रमाणेंच ऐकत राहिले. परंतु काय ऐकावयाचें हें त्यांच्या हातीं उरलें नाहीं.

आमच्या मुलांच्या कानांत बोलणारा वाचक कोणी निवडला? त्याची वर्गणी कोण भरतो? एक भाग संपतांच दुसरा आपोआप सुरू होतो. तो कोणता असावा हें यंत्र ठरवितें, आणि मुलानें अधिकाधिक वेळ ऐकत राहावें या हेतूनें ठरवितें. खुनांच्या व फसवणुकीच्या कथा ज्या इतक्या ऐकल्या जातात, त्यांतील कांहीं खरोखर उत्तम रचलेल्या असतात, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण रुमालाच्या कडेस एकामागून एक सात खून विणले जावे हें कांहीं बरें नव्हे. मुलाच्या हातून मोबाइल काढून घेणें हा यावर उपाय नाहीं. रविवारीं पुढील आठवड्यांत काय ऐकावयाचें त्याची यादी मुलानें स्वतः कागदावर लिहावी, तींत एक तरी गोष्ट मराठींतली असावी, आणि यादी संपली कीं यंत्र बंद करावें. निवड मुलाची, आईबापांची नव्हे, हें मात्र पाळलें पाहिजे. नाहींतर एका मालकाच्या जागीं दुसरा मालक, एवढेंच व्हावयाचें.

दुसरी भीति विणण्याच्या बाजूची आहे, आणि ती आम्हांस अधिक बोंचते. "फावल्या वेळांत बसल्या बसल्या केलें," हे शब्द क्रोशाविषयीं आपण फार सहज बोलतों. आंध्र प्रदेशांत गोदावरीच्या मुखाशीं नरसापूर म्हणून गांव आहे. तेथें एकोणिसाव्या शतकांत मिशनरी कुटुंबांनीं गरीब स्त्रियांस क्रोशाची जाळी विणावयास शिकविलें. दुष्काळांत व दारिद्र्यांत त्या विद्येनें पुष्कळ घरें तगलीं, ही गोष्ट आम्हांसारख्या मिशनच्या शाळेंत वाढलेल्यांस अभिमानाची वाटते. परंतु पुढें मारिया मीझ या जर्मन विदुषीनें त्या गांवीं राहून जें पाहिलें तें १९८२ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध केलें, आणि तें वाचून अभिमान थोडा खालीं बसतो. माल परदेशीं जात होता, व्यापारी श्रीमंत होत होते. विणणाऱ्या स्त्रिया घरकाम सांभाळून दिवसाचे कित्येक तास विणीत आणि शेतमजूर स्त्रियांस कायद्यानें ठरलेल्या किमान मजुरीहून पुष्कळच कमी मिळवीत. कारण विचाराल तर, त्या 'कामगार' नव्हेतच, त्या गृहिणी. फावल्या वेळांत बसल्या बसल्या विणतात! २०२४ सालीं नरसापूरच्या या जाळीस भौगोलिक निर्देशांक मिळाला, तें चांगलेंच झालें. तिचा भाव विणणारीच्या घरापर्यंत पोंचावा, अशी आमची इच्छा आहे.

याचा पॉडकास्टशीं संबंध असा कीं, काम आनंदानें केलें म्हणजे तें काम नव्हे असें लोकांस वाटूं लागतें. कथा ऐकत विणलें, मौज झाली, मग दाम कशाचे? मोजे विणण्याचें यंत्र विल्यम ली यानें १५८९ सालींच काढलें; क्रोशाचें तसें नाहीं. बाजारांत खरा क्रोशाचा रुमाल दिसला तर तो कोणाच्या तरी हातांनींच झाला आहे असें समजावें. आमच्या वार्षिक विक्रीच्या टेबलाशीं जे पालक मोटारीनें येऊन वीस रुपयांसाठीं घासाघीस करतात, त्यांनीं त्या रुमालास किती भाग ऐकून झाले असतील याचा हिशेब करावा. आमच्या मुलींसही आमचें सांगणें आहे कीं, वस्तूबरोबर चिठ्ठी लावून तीवर लागलेले तास लिहा. कोणास भेट द्यावयाची असेल तर फुकट द्या, प्रेमानें द्या. विकावयाची असेल तर तास मोजून विका.

राहतां राहिला एकांत. जात्यावर बहुधा दोघी बसत. एकीनें ओवी सुरू करावी, दुसरीनें उचलावी. रेडिओ सगळ्या घराचा असे. इअरफोन एकट्याचा आहे. मोठ्या मुलास कधीं एकांत हवा असतो आणि तो द्यावा, हें खरें. पण सायंकाळीं एखादा भाग मोठ्यानें लावून आजीसुद्धां ऐकेल असें करण्यास अडचण कसली? आजीस न कळणारे शब्द मुलास समजावून द्यावे लागतील आणि मुलाच्या चुकलेल्या खांबाकडे आजीचें लक्ष जाईल.

शाळेंत मोबाइलची मनाई आहे व ती तशीच राहावी. तरी पुढील वर्षीं कार्यानुभवाच्या तासास हवान्याची चाल घालून पाहण्याचा आमचा विचार आहे. आठवड्यांतून एक तास, इयत्ता आठवीच्या वर्गांत, एका विद्यार्थ्यानें किंवा विद्यार्थिनीनें मोठ्यानें वाचावें आणि बाकीच्या मुलामुलींनीं विणावें. पुस्तक मतांनीं ठरेल. वाचणाऱ्याचा तास विणण्यावांचून जाईल, म्हणून प्रत्येकानें त्याच्या रुमालास एक एक ओळ घालून द्यावी, म्हणजे त्याचें कामही मागें पडणार नाहीं. ओळी निरनिराळ्या हातांच्या, कांहीं घट्ट कांहीं सैल, अशा होतील. गुण देतांना तें लक्षांत घेऊं. पुस्तकांचीं नांवें विद्यार्थ्यांनीं सुटींतच सुचवून ठेवावीं. मतदान जूनमध्यें शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यांत होईल.