चित्र कोणत्या सालचे?

बेंगळुरूच्या हेब्बाळमध्ये २०१८ साली गटाराचे खोदकाम चालू असताना एक वीरगळ वर आला. त्यावर किट्टय्या नावाचा वीर आणि कन्नड लेख कोरलेला आहे. गंगराजा श्रीपुरुषाच्या काळातला, इसवी सन ७५० च्या आसपासचा हा लेख. बेंगळुरूत आजवर मिळालेल्या कन्नड लेखांत तो सर्वांत जुना मानला जातो. गंमत अशी की इस्रोचे मुख्यालय तिथून हाकेच्या नाही तरी रिक्षाच्या अंतरावर आहे आणि दगड सापडला गटार खणणाऱ्यांना!

यावरून उपग्रहचित्रांना नाके मुरडणारे आपल्या क्षेत्रात आहेतच. पण हिशेब करून पाहा. कार्टोसॅट-१ चा एक पिक्सेल अडीच मीटरचा. वीरगळ माणसाच्या उंचीहून मोठा क्वचितच, आणि हा तर मातीखाली. तो वरून दिसावा अशी अपेक्षा धरणेच चूक. वरून दिसतात तट, खंदक, तलावांचे बांध, नदीची सोडलेली पात्रे. बेंगळुरूच्याच नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅडव्हान्स्ड स्टडीजमध्ये एम. बी. रजनी यांनी नालंदा, तलकाडू, श्रीरंगपट्टण येथे हेच काम केले. नालंदाचे अवशेष उत्खनित आवाराबाहेर बरेच दूरवर पसरले असावेत, हे त्यातून पुढे आले.

हेब्बाळची अडचण वेगळीच आहे. तलाव उरला, भोवतीचे शिवार उड्डाणपूल आणि वसाहतींखाली गेले. तिथले आजचे कितीही स्वच्छ चित्र घ्या, गच्च्या आणि पाण्याच्या टाक्याच मोजाल. अशा जागी जुने, धूसर चित्रच कामाचे. अमेरिकेच्या कोरोना या हेर-उपग्रहांनी १९६० ते १९७२ या काळात टिपलेली चित्रे १९९५ मध्ये खुली झाली. शेवटच्या कॅमेऱ्यांची स्पष्टता दोनेक मीटर, आणि स्कॅन झालेल्या फिती फुकट उतरवून घेता येतात. पुणे, नाशिक, संभाजीनगरच्या वेशीवर काम करणाऱ्यांनी आधी त्या उघडाव्यात, मग गुगल अर्थ.

महिनाही सालाइतकाच महत्त्वाचा. आपल्याकडची पांढरीची टेकाडे काळ्या रानात एप्रिल-मेमध्ये, नांगरट झालेली असताना, उठून दिसतात. भाद्रपदातल्या चित्रात सगळेच हिरवे. रब्बीची ज्वारी उभी असेल तर खाली भिंत असलेल्या पट्ट्यात ती आधी पिवळी पडते, बुजलेल्या खंदकावर जास्त दिवस हिरवी राहते. बेंगळुरूच्या तांबड्या मातीला मात्र हा काळ्या-पांढऱ्याचा ठोकताळा जसाच्या तसा लावू नये. आणि घाईही हवी: पांढरी माती शेतात टाकायला ट्रॉल्या भरून जाते, टेकाड बघता बघता सपाट होते.

कोकणातल्या कातळशिल्पांपुढे उपग्रह जवळपास हरतो. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटरचा, पण त्याची रेघ काही बोटे रुंद. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सहकाऱ्यांनी सडे पायी तुडवले, गुराख्यांना विचारले, तेव्हा चित्रे हाती आली. उपग्रहचित्राने कुठला सडा उघडा आहे आणि कुठे चिऱ्याची खाण पुढे सरकते आहे एवढे कळते. तेही थोडके नव्हे.

या मासिकाकडे हल्ली ‘उपग्रहाने शोधलेली स्थळे’ या मथळ्याची टिपणे बरीच येतात. गोल आकार दिसला की किल्ला, चौकोन दिसला की विहार! प्रत्यक्ष जाऊन पाहिले की बऱ्याचदा तिथे जुने खळे किंवा शेततळे निघते. अशी फसलेली फेरीही कळवा. आम्ही ती छापू, म्हणजे दुसऱ्याचा दिवस वाचेल. अक्षांश-रेखांश मात्र टिपणात घालू नका. सारा पारकॅक यांच्या ग्लोबलएक्सप्लोररने पेरूची चित्रे हजारो हौशी लोकांपुढे ठेवली, तेव्हा जागेचा ठावठिकाणा झाकूनच ठेवला होता. लुटारूही चित्रे बघतात. नेमकी जागा राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला स्वतंत्र पत्राने कळवावी.

उपग्रहाचे नाव, चित्राचा दिनांक आणि जागेवर गेल्याची तारीख नसलेली टिपणे पुढील अंकापासून परत पाठवली जातील.