चप्पल सुटली कधी, कळलंच नाही!

तुमच्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये आत्ता काय काय आहे? जुना चार्जर, अर्धी खाल्लेली चिक्की आणि बी व्हिटॅमिनची एक बाटली. पैज लावते! राजारामपुरीतल्या ज्या ऑफिसात मी आठवड्यातून दोन दिवस जाऊन बसते, तिथे तरी हेच चित्र आहे. कुणाचे केस गळतात, कुणाला जिममध्ये दम लागतो, कुणाला सोमवारी सकाळी उठवतच नाही. उपाय मात्र सगळ्यांचा एकच. मीही त्यातलीच. माझ्याकडे तर बायोटिनच्या गमीज होत्या, तेही स्ट्रॉबेरी फ्लेवर!

आणि एक दिवस आई जिन्यात घसरली. सुदैवाने कठडा हाताला लागला. बघते तर तिच्या एका पायात चप्पलच नाही, ती वरच्या पायरीवर राहिलेली. ‘सुटली कधी, कळलंच नाही गं,’ आई म्हणाली.

पायाला मुंग्या येतात, हे ती वर्षभर सांगत होती. आणि आम्ही? ‘शुगर आहे, वय झालं, जरा रंकाळ्यावर चालत जा.’ झालं, विषय संपला.

डॉक्टरांनी साधेच प्रश्न विचारले. मटण-अंडी खाता का? आई माळकरी, प्रश्नच नाही. दूध-दही? चहातलं तेवढंच. शुगरची गोळी कुठली? मेटफॉर्मिन, अकरा वर्षं. आणि अॅसिडिटीची? रोज सकाळी, अनाशापोटी. डॉक्टर म्हणाले, ‘मुंग्या शुगरनेही येतात, पण आधी बी-१२ बघू.’ रिपोर्ट आला १३२. दोनशेच्या खाली म्हणजे कमतरता धरतात. घरात व्हिटॅमिनची बाटली होती, पण ज्या बाईला गरज होती तिच्या हातात नव्हती!

आता जरा बेसिक फंडा. बी म्हणजे एक व्हिटॅमिन नाही, आठ जणांचं कुटुंब आहे. त्यातले बहुतेक मेंबर डाळी, धान्यं, भाज्या, शेंगदाण्यातून मिळून जातात. घोळ घालतो तो बी-१२. तो बनवतात जीवाणू, आणि आपल्यापर्यंत येतो दूध, दही, अंडी, मासे, मटणातून. भाजीपाल्यात तो भरवशाचा नाही. स्पिरुलिनाच्या गोळ्यांतला तर आपल्या शरीराला उपयोगीच पडत नाही. जेवणातला बी-१२ मोकळा व्हायला पोटातलं अॅसिड लागतं, म्हणून अॅसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या की तो कमी पडू शकतो. मेटफॉर्मिननेही त्याचं शोषण घटतं. आईच्या बाबतीत सगळंच जुळून आलं होतं.

हे फक्त म्हाताऱ्यांचं दुखणं असं वाटत असेल, तर पुण्याकडे बघा. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ साली ४४१ मध्यमवयीन पुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली. ६७ टक्के लोकांत बी-१२ कमी निघालं. आणि शहरी मध्यमवर्गात? तब्बल ८१ टक्के! म्हणजे फ्लॅट, गाडी, नोकरी सगळं आहे, फक्त बी-१२ नाही.

आपण कोल्हापूरकर म्हणणार, ‘आमचं काय टेन्शन? तांबडा-पांढरा आहे, दूध कट्टा आहे!’ खरंय. मोठ्यांना दिवसाला २.२ मायक्रोग्रॅम बी-१२ हवं, असं २०२० सालची आयसीएमआरची शिफारस सांगते. दुधाच्या मोठ्या पेल्यात ढोबळमानाने एक मायक्रोग्रॅम मिळतं. पण खरं सांगा, गंगावेशीच्या कट्ट्यावर शेवटचं कधी गेला होता? आणि मटण रविवारचं, तेही घरातल्या सगळ्यांसाठी नाहीच.

मग गोळी घ्यायची तर कशी?

आधी टेस्ट, मग गोळी. गोळ्या सुरू केल्यावर रक्त तपासलं तर आकडा चांगला दिसतो आणि मूळ कमतरता लपते.

पाकिटाची मागची बाजू वाचा. पुढे ‘एनर्जी’ लिहिलेलं असतं, मागे खरा हिशोब. १५०० मायक्रोग्रॅम बघून दचकू नका, एवढ्या मोठ्या डोसमधलं जेमतेम एक टक्का आत जातं.

नुसतं फॉलिक अॅसिड मनाने घेत राहू नका. त्याने रक्ताचा रिपोर्ट सुधारतो, पण बी-१२ कमी असेल तर नसांचं नुकसान आतल्या आत चालू राहतं.

‘जास्तीचं लघवीतून निघून जातं’ हे अर्धसत्य आहे. लघवी पिवळीधमक होते ती बी-२ मुळे, त्याला घाबरू नका. पण बी-६ मोठ्या डोसमध्ये बरेच दिवस घेतलं तर त्यानेच हातापायाला मुंग्या येतात. दोन-तीन प्रॉडक्ट्स एकत्र घेत असाल तर बेरीज करा.

बायोटिन घेत असाल तर लॅबमध्ये सांगा. थायरॉइडच्या आणि हार्ट अटॅक ओळखायच्या काही टेस्ट त्याने चुकू शकतात. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्येच तसा इशारा दिलाय.

आणि थकवा म्हणजे व्हिटॅमिनच, हे डोक्यातून काढा. हिमोग्लोबिन, थायरॉइड, शुगर, झोप... संशयितांची यादी मोठी आहे. रात्री दोनपर्यंत वेब सिरीज बघितल्याचा थकवा कुठल्याच गोळीने जात नाही!

आईला आधी इंजेक्शनं झाली. बी-१२ चा रंग चक्क लाल असतो, हे मला तेव्हा कळलं. आता गोळी चालू आहे. मुंग्या बऱ्याच कमी झाल्यात. तळव्यांची जाणीव मात्र पूर्ण आलेली नाही. ‘लवकर आला असता तर...’ म्हणून डॉक्टर थांबले. ते वाक्य मी रोज मनात पूर्ण करते.

गमीजची बाटली मी टाकून दिली. माझी टेस्ट केली, आकडा ठीक आहे. आईने आता मागे पट्टा असलेली चप्पल घेतलीय आणि रात्री एक पेला दूध सुरू केलंय.

या वीकेंडला एक काम करा. स्वतःसाठी बाटली घेण्याआधी घरी विचारा, ‘आई, पायाला मुंग्या येतात का गं?’ आणि उत्तर ‘हो’ आलं, तर ‘वय झालं’ असं म्हणू नका.