तिकिटांवरील ऑनलाइन सुविधा शुल्काबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष, जिल्हा ग्राहक संरक्षण परिषद, वर्धा

विषय : सिनेमा, नाटक व इतर कार्यक्रमांच्या तिकिटांवरील सुविधा शुल्काची चौकशी करून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे अहवाल पाठवण्याबाबत.

महोदय,

सिनेमा असो, नाटक असो की क्रिकेटचा सामना, मोबाइलवर तिकीट काढताना आधी एक दर दिसतो आणि पैसे भरायच्या वेळी त्याहून मोठी रक्कम समोर येते. वाढलेल्या रकमेत सुविधा शुल्क असते आणि त्या शुल्कावर 18 टक्के जीएसटी असतो. हे शुल्क सहसा दर तिकिटामागे लागते. आरक्षण एकच, पैसे एकदाच भरलेले, तरी चार जणांच्या कुटुंबाला ते चौपट पडते. शुल्क अजिबात घेऊच नये, अशी आमची मागणी नाही. जी रक्कम अखेर द्यायची ती पहिल्याच वेळी दिसावी आणि शुल्क न भरता तिकीट मिळण्याची वाट खरोखर उघडी असावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.

या प्रश्नावर राज्य शासनाने पूर्वी पाऊल उचलले होते. 2013 आणि 2014 मध्ये आदेश काढून चित्रपटगृहांना ऑनलाइन तिकिटांवर असे शुल्क घेण्यास मनाई करण्यात आली. मल्टिप्लेक्सचालक न्यायालयात गेले, 2014 मध्येच आदेशांना स्थगिती मिळाली आणि 10 जुलै 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ते रद्द केले. कायद्याचा आधार नसताना केवळ शासकीय आदेशाने अनुच्छेद 19(1)(छ) खालील व्यवसायस्वातंत्र्यावर बंधन घालता येत नाही, असे न्यायालयाने ठरवले. हा निकाल आम्हाला मान्य आहे. मात्र तिकीट ऑनलाइन घ्यायचे की चित्रपटगृहावर जाऊन, हे ग्राहकाने ठरवायचे असते, हा विचारही त्यामागे आहे. म्हणजे तिकीट खिडकी चालू आहे आणि तिथे तिकीट मिळते, हे त्यात गृहीत धरलेले आहे. आष्टी, कारंजा किंवा समुद्रपूर तालुक्यातल्या प्रेक्षकापुढे ही निवड कितपत उरते? नागपूरच्या सुरेश भट सभागृहातले नाटक किंवा जामठ्याच्या स्टेडियमवरचा क्रिकेट सामना पाहायचा, तर आधी तिकिटासाठी एक खेप आणि मग कार्यक्रमासाठी दुसरी, हे शेतकरी वा मजूर कुटुंबाला परवडणारे नाही. खिडकी उघडण्याआधीच चांगल्या जागा ऑनलाइन संपत असतील किंवा खिडकी ठेवलेलीच नसेल, तर वर्धा शहरातल्या माणसालाही निवड राहत नाही. मग हे शुल्क प्रवेशाच्या किमतीचाच भाग होते आणि त्याला किमतीचेच नियम लागू व्हायला हवेत.

हे आम्हीच म्हणतो असे नाही. करमणूक शुल्क कायद्यात 2014 मध्ये दुरुस्ती करून विधिमंडळाने तिकिटामागे दहा रुपयांहून अधिक सुविधा शुल्क करमणूक शुल्काच्या कक्षेत आणले आणि उच्च न्यायालयाने 2025 मध्ये ती तरतूद वैध ठरवली. शासनाला कर घेताना जी रक्कम प्रवेशाच्या मोबदल्यात धरता आली, ती ग्राहकाला दर सांगताना वगळण्याला कोणता आधार आहे? नाटकाच्या तिकिटाचे उदाहरण तर फार बोलके आहे. पाचशे रुपयांपर्यंतच्या नाट्यप्रयोगाच्या तिकिटाला जीएसटी माफ आहे. तेच तिकीट ऑनलाइन घेतले की सुविधा शुल्कावर 18 टक्के कर लागतो. रंगभूमीला दिलेल्या सवलतीचा काही भाग असा वाटेतच परत घेतला जातो, याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते. शंभर रुपयांपर्यंतच्या सिनेमाच्या तिकिटावरचा कर 22 सप्टेंबर 2025 पासून 12 वरून 5 टक्क्यांवर आला, पण शुल्कावरचा दर 18 टक्केच राहिला.

संगणकप्रणाली, पेमेंट गेटवे, मनुष्यबळ यांना खर्च येतो, असे कंपन्या सांगतात. येतोच. रेल्वेच्या ई-तिकिटालाही तो येतो. त्यासाठी आयआरसीटीसी 1 सप्टेंबर 2019 पासून वातानुकूलित नसलेल्या वर्गासाठी 15 आणि वातानुकूलित वर्गासाठी 30 रुपये घेते. यूपीआयने पैसे भरल्यास हे दर 10 आणि 20 रुपये आहेत. वर कर लागतो, पण आकारणी तिकिटामागे असते, त्यावरच्या प्रवाशांच्या संख्येप्रमाणे वाढत नाही, आणि दर सर्वांना आधीच ठाऊक असतो. सेवाग्राम स्थानकावरून सहा जणांचे तिकीट काढणाऱ्याला हे शुल्क एकदाच पडते. खर्च भरून काढण्याची सरळ पद्धत देशात इतकी वर्षे चालू असताना मनोरंजनाच्या तिकिटाला ती का चालू नये, याचे उत्तर कंपन्यांनी द्यावे. रक्कम किरकोळ आहे, हा दुसरा युक्तिवाद. ती किरकोळ असल्यामुळेच एकटा ग्राहक आयोगापर्यंत जात नाही. अशा वेळी समूहाच्या वतीने प्रशासनाने दखल घ्यावी लागते, आणि ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 मध्ये त्याची सोय केलेली आहे.

ऑनलाइन कंपन्यांची कार्यालये जिल्ह्याबाहेर असल्याने हा विषय आपल्या अखत्यारीत येत नाही, असे उत्तर मिळू शकते. परंतु याच अधिनियमाच्या कलम 17 प्रमाणे ग्राहकवर्गाच्या हिताला बाधा आणणाऱ्या अनुचित व्यापारी प्रथेची तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते आणि कलम 16 आपल्याला चौकशी करून अहवाल पाठवण्याचा अधिकार देते. फसवणूक झालेला ग्राहक याच जिल्ह्यात आहे. 30 नोव्हेंबर 2023 च्या डार्क पॅटर्नविषयक (म्हणजे ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या ऑनलाइन रचनांविषयीच्या) मार्गदर्शक तत्त्वांत किमतीचा काही भाग सुरुवातीला दडवून नंतर उघड करण्याला ड्रिप प्रायसिंग म्हटले असून त्याला मनाई आहे. जून 2025 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन मंचांना तीन महिन्यांत स्वतःची तपासणी करण्यास सांगितले. आमच्या जिल्ह्यातला ग्राहक आज काय पाहतो, हे त्या कसोटीवर तपासले जावे.

म्हणून आमची मागणी आहे की, हे निवेदन कलम 17 खालील तक्रार समजून आपण चौकशी सुरू करावी आणि सर्व शुल्क व करासह एकच रक्कम पहिल्या पानावर दाखवण्याची शिफारस आपल्या अहवालात असावी. जिल्ह्यातील चित्रपटगृहांना परवाना आपल्याच कार्यालयातून मिळतो. प्रत्येक खेळाच्या किती जागा खिडकीवर ठेवल्या जातात, याची माहिती त्यांच्याकडून मागवून ती जाहीर करावी. शुल्क दर आरक्षणामागे एकदाच घेण्याचे बंधन केवळ आदेशाने टिकणार नाही, हे न्यायालयाच्या निकालावरून दिसते. त्यासाठी कायदा करावा, असा प्रस्ताव आपण राज्य शासनाकडे पाठवावा. जिल्हा ग्राहक संरक्षण परिषदेच्या पुढील बैठकीत हा विषय घ्यावा आणि झालेल्या कार्यवाहीची लेखी माहिती आम्हाला द्यावी, ही विनंती.

आपले,
वर्धा जिल्ह्यातील प्रेक्षक व ग्राहक